पद आणि बाद

नवे सदस्य आले की त्यांचा परिचय मी टंकते.
एकोणीस वर्षं झाली, मंत्रालयाच्या सावलीतल्या या न्यायाधिकरणात,
जिथे सरकारी माणूस सरकारविरुद्ध दाद मागायला येतो
आणि दाराशी क्षणभर घुटमळतो,
चपला काढायच्या की नाही.

न्यायिक सदस्य: श्रीमती रोहिणी वाघचौरे.
सिंदखेडराजाला वकिली, पत्र्याखाली, पंख्याविना,
मग कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, जिल्हा,
दर तीन वर्षांनी भांड्यांची तीच खोकी.
(पत्रा आणि खोकी मजकुरात नाहीत. त्या डबा खाताना बोलल्या.)

प्रशासकीय सदस्य: श्री. अनंत खोब्रेकर.
प्रांत, जिल्हाधिकारी, सचिव.
दोन पूर, एक दंगल.
कायद्याची पदवी नाही, नियम मात्र तोंडपाठ,
त्यातले काही त्यांच्याच हातचे.

आमचा शिपाई गुरव म्हणतो,
एकीला कलम माहीत,
दुसऱ्याला ते कुठे वाकतं ते माहीत.
झालं पीठ.

लघुलेखनात आम्ही स्वर गाळतो.
प हलक्या रेघेचा, ब म्हणजे तीच रेघ, दाबून.
तेव्हा पद आणि बाद यांत
फरक फक्त माझ्या पेन्सिलीच्या वजनाचा.
हे मी कुठल्याच साहेबांना सांगितलेलं नाही.

त्या मंगळवारी बोर्डावर सातवं प्रकरण.
अर्जदार पुंजाजी बोडखे, लिपिक, पुरवठा शाखा.
साखरेची अकरा पोती कमी भरली, निलंबित.
चौकशी सुरू.
चौकशी अधिकारी बदलले, दुसरे निवृत्त झाले, तिसरे वारले.
चौकशी सुरू.

वकील पान एकोणचाळीसवर आले.
खोब्रेकरांनी पान उलटलं आणि बोट तिथेच राहिलं.
आदेशाखाली शेपूट लांब ओढलेला ख.
मी तो रोज बघते.
हा वीस वर्षांपूर्वीचा, जरा ताठ, जरा घाईत.

“यात मी बसत नाही,” म्हणाले, आणि उठले.
खुर्ची मागे सरकल्याचा आवाज लिहिता येत नाही.
मी लिहिलं: प्रकरण दुसऱ्या पीठापुढे ठेवावे.

बरोबरच होतं.
वाघचौरे बाईंनी मान हलवली,
सरकारी वकिलांनीसुद्धा, ते सहसा हलवत नाहीत.

बोडखे जिन्यात भेटले.
हातात कापडी पिशवी, आत कागदच कागद.
मला म्हणाले, कारण समोर मीच होते,
“बाई, साहेबांचं काही चुकलं नाही.
पण त्या रात्री बंगल्यावर सह्यांचा गठ्ठा मीच नेला होता.
माझा कागद त्यात आहे, मला कुठे ठाऊक?
सकाळी गठ्ठा परत आणला. सुतळीची गाठ मी मारलेली तशीच,
फक्त कडेनं पानं ओढून सह्या झालेल्या.
वीस वर्षं एवढंच वाटायचं, एकदा
सही करणाऱ्यानं ते वाचावं.
आज पानावर आले होते हो.”

मग पुढली तारीख विचारून गेले,
चर्चगेटकडे नाही, उलट्या बाजूला, समुद्राकडे.

दुपारी साहेबांनी बोलावलं.
चहावर साय धरलेली.
“माझ्या परिचयात जिल्हाधिकारी म्हणून चार वर्षं आहेत ना?”
आहेत, साहेब.
“त्याच्या पुढे एक ओळ घ्या,” म्हणाले,
आणि अर्धं वाक्य सांगून खिडकीबाहेर पाहत राहिले.
मग, “राहू द्या. खोडा.”

मी खोडलं नाही.
रात्री चेंबूरला, कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर,
वही दिव्याखाली धरून बसले.
शेवटची खूण प ची की ब ची, लागत नाही.
पेन्सिलीला त्या वेळी टोक नव्हतं,
किंवा माझाच हात
कधी नव्हे तो
मध्येच कुठेतरी थांबला होता.